लेयर एक्केचाळीस

भिवाजी तात्या आजवर तेवीस लग्नांना गेले होते आणि एकोणीस ठिकाणी रुसले होते. उरलेल्या चारांपैकी एक त्यांचं स्वतःचं, दोन त्यांच्या पोरींची, आणि चौथ्याला ते पोचले तेव्हा मांडव सुटत होता; रुसलेलं बघायला तिथे माणूसच उरलं नव्हतं.

हा हिशेब त्यांच्या पुतणीचा, पोशीरच्या माधवीचा. तिने तो लहानपणापासून मनात ठेवला होता. कुठलं लग्न, रुसण्याचं कारण काय, समजूत घालायला किती वेळ लागला. पत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत गेलं. टोपी आधी कशेळ्याच्या यशवंताला घातली. चहा विचारला, पण नाव घेऊन नाही विचारला. कारण कुठलंही असो, रीत ठरलेली. तात्या मांडवातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलायचे, बाहेर नेऊन मांडवाकडे पाठ करून मांडायचे, खांद्यावरचा टॉवेल झटकायचे आणि शेताकडे बघत बसायचे. मग ज्याच्यामुळे ते रुसले त्याने जाऊन त्यांचं कोपर धरून उठवायचं. तोवर कार्य थांबायचं. नवरानवरी ताटकळो, भात निवो, थांबायचं म्हणजे थांबायचं.

एवढा माल फुकट पडून होता. त्याची चित्रकथा झाली नसती तरच नवल.

माधवी चार वर्षं कर्जतच्या भिसेगावात जितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात काम करत होती. जितेश म्हणजे तात्यांचाच मुलगा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. गिऱ्हाईक, मशीन आणि उधारी त्याच्याकडे; वाढदिवस, श्रद्धांजली आणि 'भव्य शुभारंभ' माधवीकडे. दुपारी दोन ते चार कर्जतमध्ये कुणाचा वाढदिवस नसतो. त्या वेळात तिने फुकट मिळणारं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, जितेशने कुणाकडून तरी घेऊन धूळ खात ठेवलेली ड्रॉइंगची पाटी पुसली, तिच्या तुटक्या वायरला चिकटपट्टी गुंडाळली आणि रुसूनाना जन्माला आला.

फोनवर वाचायची गोष्ट, म्हणजे पान उभं आणि चिंचोळं, अंगठ्याने वर सरकवत जायचं. रुसूनाना कुठेतरी जेवायला निघालाय. अंगठा सरकतो, पांढरी जागा येते, अजून पांढरी जागा येते, आणि एकदम खाली खुर्चीची पाठ. ही पांढरी जागा किती सोडायची हे माधवीला दहा भाग काढल्यावर कळलं. सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटायची, म्हणून संवादाच्या फुग्यांतलं सगळं अक्षर ती हाताने काढायची. मिशीसाठी तिने स्वतःचा ब्रश बनवला होता, झाडूच्या काड्यांचा फोटो काढून. एका चित्रात तीस-चाळीस लेयर सहज व्हायचे, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद: एकावर रेषा, एकावर रंग, एकावर सावली. लेयरला नावं द्यायचा तिला कंटाळा. सॉफ्टवेअर देईल तो आकडा.

नाना हुबेहूब यावा म्हणून ती तात्यांचा एक फोटो वापरायची, नेरळच्या एका हळदीतला, रुसव्याच्या ऐन भरातला. फोटो सगळ्यात वरच्या लेयरवर पुसट करून ठेवायचा, खाली रेषा जुळवायची, आणि काम झालं की त्या लेयरपुढच्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी. डोळा मिटला की फोटो दिसेनासा. पण तो असतोच तिथे.

आता प्रश्न आला नावाचा. 'चित्रं: माधवी' असं लिहिलं असतं तर तात्यांनी पहिल्याच भागात ओळखलं असतं. माधवीचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आई सोनाबाई आणि धाकटी अक्षदा, आणि प्रत्येक कार्याला पुढे उभा राहणारा पुरुष एकच, तात्या. त्यांच्याशी वाकडं परवडणारं नव्हतं. तेव्हा माधवीने फार हुशारी केली. म्हणाली, "जितेशदादा, तुझं नाव टाकते. सख्ख्या पोरानं आपल्यालाच काढलंय असं तात्यांच्या स्वप्नात पण येणार नाय."

खातं जितेशच्या नावाने उघडलं. ओटीपी जितेशच्या मोबाईलवर आला. जितेश तेव्हा वडापाव खात होता, तेलकट बोटांनीच त्याने आकडे वाचून दाखवले आणि विचारलं, "कशाचं हाय गं हे?"

हुशारी नको तितकी फळाला आली. तात्या खरोखरच ओळखेनात. उलट रुसूनाना हा कशेळ्याचा यशवंताच, अशी त्यांची खात्री. एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, दिसेल त्याच्यापुढे फोन धरून, "बघ, आमच्या जित्यानं काढलंय. अगदी यशवंत्या! असा मानूस असतो का रं? लोकांच्या कार्यात इघ्न घालतो मेला!"

माधवी ऐकायची आणि पोटात हसायची. वर्षभर तिला हे सगळं स्वस्तात पडलं असं वाटत होतं.

*

मार्चमध्ये पुण्याच्या एका चित्रकथा छापणाऱ्या कंपनीच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. माधवी त्याच टेबलापाशी, हातभर अंतरावर, अडतिसाव्या भागाचे फुगे भरत बसली होती.

"जितेशजी, तुमची काम करायची पद्धत काय?"

"पद्धत म्हणजे," जितेश खुर्चीत मागे रेलला, "मी आधी पूर्ण चित्र डोक्यात बघतो. मग डायरेक्ट उतरवतो."

"लेयर साधारण किती होतात?"

"लागतील तसे. पाच-सहाशे."

माधवीच्या पेनाची रेघ फुग्यातून बाहेर गेली. तिने ती मागे घेतली. पुन्हा गेली. पुन्हा मागे घेतली.

"आणि अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं!"

"शाळेपासूनच," जितेश म्हणाला. शाळेत अक्षर लागेना म्हणून त्याचा मराठीचा पेपर शिक्षकांनी त्याच्याकडूनच वाचून घेतला होता.

कॉल संपला. अडतीस भागांचं पुस्तक निघणार होतं, पुढच्या भागांचा वेगळा करार होणार होता, आणि सही एप्रिलच्या तेवीस तारखेला.

माधवीने पेन खाली ठेवलं. "दादा, हे काय चाललंय?"

"आपल्या दुकानाचं नाव होतंय, दुसरं काय."

"पुस्तकावर नाव कुणाचं येणार?"

"खातं माझ्या नावावर हाय, माधवी."

"चित्रं माझी हायत."

"मी नाय कुठं म्हनतो? पण नाव तू टाकलंस. मी आलो होतो मागायला? वडापाव खात होतो मी." हे तंतोतंत खरं होतं, आणि म्हणूनच माधवीच्या कानशिलात ठणका उठला. "आता वर्षभर लोक मला वळखायला लागल्यावर तुला आठवन झाली व्हय? स्टँडवर लोक मला सेल्फी मागतात. मी काय सांगू त्यांना, मी नुसता मोबाईल नंबर हाय?"

"हो. तेच सांग. तू नुसता मोबाईल नंबर हायस."

जितेशचं तोंड बारीक झालं, मग कडक. "सांगतो की. पण मग बाबांना पन सांगावं लागंल, रुसूनाना कोन ते. एकवीस तारखेला अक्षदाची हळद. बावीसला लग्न. कन्यादानाला कोन बसनार मग? तू?"

असं म्हणून तो मशीनकडे गेला आणि शिट्टी वाजवत रोल चढवू लागला. चार वर्षं तिने त्याच्या दुकानात गुंडांपासून गुरुजींपर्यंत सगळे चेहरे उजळून दिले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली होती, टकलावर केस लावले होते. असली शिट्टी तिने कधी ऐकली नव्हती.

घरी सोनाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "लग्न व्हऊन जाऊ दे बाय. मग भांड काय भांडायचं ते."

"आये, सही तेवीसला हाय. मग भांडून काय उपयोग?"

"चित्रंच ना गं ती? दुसरी काढ."

माधवी उठून मागच्या दारी गेली आणि रिकामी कळशी इतक्या जोरात आपटली की शेजारची छाया कुंपणावरून डोकावली. "काय गं, मांजर शिरलं का?"

"बोका," माधवी म्हणाली.

तिने लग्नाची म्हणून रजा टाकली आणि एकोणचाळिसावा भाग काढला नाही. जितेशने तीन वेळा फोन केला. तिने तीनही वेळा तो वाजू दिला.

*

हळदीच्या दिवशी दुपारी भिसेगावहून टेंपो आला. त्यात जितेश, भातावर घालायच्या मटणाच्या रश्श्याची दोन पातेली आणि एक गुंडाळलेला फ्लेक्स, दहा फूट बाय पंधरा.

"सरप्राइज हाय," जितेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. नवा कुर्ता, केसांना जेल. फ्लेक्सपुढे उभा राहून फोटो काढायचा आणि पुण्याच्या बाईंना पाठवायचा, हे त्याने वाटेतच टेंपोवाल्याला सांगून टाकलं होतं. मग तो पातेली उतरवायला आचाऱ्याकडे गेला.

मांडववाला विकास वरच्या ठाकरवाडीचा. त्याने फ्लेक्स अंगणात उलगडायला घेतला. खालची कड आधी सुटली. माधवी हातात हळदीचं ताट घेऊन चालली होती, ती थांबली. कडेवर हातभर उंच लाल अक्षरात होतं: 'संकल्पना, चित्र व निर्मिती: जितेश'.

माधवीने ताट ओट्यावर ठेवलं. अक्षदाच्या हळदीत. तिच्या स्वतःच्या दारात. पातेल्यांबरोबर टेंपोत घालून आणलं होतं तिचं चित्र.

मग वरचा भाग उलगडला, आणि ती वाकून बघायला लागली. रुसूनाना खुर्चीवर पाठमोरा, मान वळवून बघतोय. वर पाटी, 'सहर्ष स्वागत'. पण नानाच्या अंगावर काहीतरी होतं. मिशीवर दुसरी मिशी. कपाळावर खऱ्या आठ्या. टॉवेलवर टॉवेल, आणि त्याच्या निळ्या चौकड्या.

काय झालंय ते तिला लगेच कळलं. फोनसाठी काढलेलं पान एवढंसं. ते दहा फूट ताणलं असतं तर ठिपके फुगून नानाच्या विटा झाल्या असत्या. तेव्हा जितेशने दुकानातल्या कॉम्प्युटरवरची तिची मूळ फाईल उघडली. उजवीकडे लेयरची यादी, त्यातला एक डोळा मिटलेला. जितेशला वाटलं, काहीतरी राहून जातंय. त्याने तोही उघडला. लेयर एक्केचाळीस. पडद्यावर तो फोटो सावलीसारखा पुसट दिसला असणार, आणि बापाच्या तोंडाकडे त्याने जन्मात कधी नीट बघितलेलं नव्हतं. दहा फुटांवर मात्र सावली राहत नाही. दहा फुटांवर ते भिवाजी तात्या होते, जिवंत आणि रुसलेले, आणि त्यांच्यावरून गिरवलेला रुसूनाना.

"ताई," विकास दोरी हातात धरून उभा होता. त्याची नजर फ्लेक्सवरून सुपारी फोडत बसलेल्या तात्यांकडे गेली आणि परत आली. "चढवू का?"

आत अक्षदा पाटावर बसली होती. धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाणारी जना तिच्यापुढे बसून गाणं म्हणत होती, बायका मागून ओढत होत्या. एक 'नको' म्हटलं असतं की झालं असतं. फ्लेक्स गुंडाळून गोठ्यात गेला असता, तात्या सुपारी फोडत राहिले असते, आणि परवा जितेशने सही केली असती.

माधवीने त्या लाल अक्षरांकडे पुन्हा एकदा बघितलं.

"चढव," ती म्हणाली. "आणि गाठी दुहेरी मार."

*

पहिल्यांदा छायाने बघितलं. "अगो बाय! हे तर आपलं तात्या!"

मांडवातली एक एक मान वर झाली. कुणीतरी नाकातून हसलं. मग गेल्या वर्षभरातले अडतीस भाग एकेकाच्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसायला लागले, तसं हसू रांगेने पुढे सरकत गेलं, पंगतीत वाढपी सरकतो तसं. जनाचं गाणं ओळीच्या मध्येच तुटलं.

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. उठून फ्लेक्सपाशी आले. स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. खालचं नाव वाचलं. नाव वाचायला त्यांना इतर सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"जित्या."

जितेश मटणाची पळी हातात घेऊन धावत आला. वर बघितलं आणि त्याचा रंगच गेला. "बाबा, हे मी नाय केलं."

"नाव तुझं हाय."

"नाव नुसतं हाय माझं!"

"संकल्पना पन तुझी हाय म्हनं. निर्मिती पन. म्हंजे यशवंत्या नव्हता तो. मी होतो. बापाला नागडा करून गावभर टांगलास, आन् मलाच दाखवायला लावलास?"

"बाबा, आईशप्पथ, मला साधी रेघ मारता येत नाय!" जितेश ओरडला. पळीतला रस्सा नव्या कुर्त्यावर गळत होता. "सगळं ह्या माधवीनं काढलंय! अडतीसच्या अडतीस! अक्षर पन तिचं, मिशी पन तिची! मी हातसुद्धा लावला नाय कशाला!"

माधवी दोन पावलं पुढे आली.

"परत बोल," माधवी म्हणाली.

"काय?"

"मागच्यांना ऐकू नाय गेलं. परत बोल, कुणी काढलंय ते."

जितेशला तेव्हा उमगलं आपण काय बोलून बसलो ते. पण समोर बाप होता. "तू," तो म्हणाला.

तात्यांनी खुर्ची उचलली. बाहेर नेली, मांडवाकडे पाठ करून मांडली, टॉवेल झटकला आणि बसले. नेमके फ्लेक्सखालीच. वर एक, खाली एक. विकासने तोंड फिरवलं आणि उगीचच बांबू तपासायला लागला.

"मिटलं," सोनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "कन्यादान गेलं माझ्या लेकीचं. जा, जा माधवे. पाय धर त्यांचं. कोपर धर, काय धरायचं ते धर!"

आधी जितेश गेला. तात्यांनी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. मग माधवी गेली. कोपर धरलं नाही. समोर जाऊन उभी राहिली. एकोणीस रुसव्यांत समोर कुणी उभं राहिलं नव्हतं.

"माझी थट्टा केलीस," तात्या शेताकडे बघत म्हणाले.

"केली."

"अडतीस येळा."

"एकोणीस रुसवे. एकेकाचे दोन भाग."

तात्यांनी मनातल्या मनात मोजलं असावं, कारण ते वादाला आले नाहीत. "आन् मी येड्यावानी दाखवत फिरलो. स्टँडवर. आमच्या जित्यानं काढलंय म्हनून. लोक काय हसत असतील मला."

"त्याचं मात्र मला वाईट वाटतं. पण माझं नाव टाकलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"काय केलं असतं?"

"हितंच बसला असतात. वर्षभर आधी." माधवीचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "तुमच्या रुसव्याला भिऊन मी माझं नाव खाली ठेवलं, तात्या. ते तुमच्या पोरानं उचलून खिशात घातलं. परवा तो पुस्तकावर सही करनार हाय. मी तोंड उघडलं तर तुमी अक्षदाच्या लग्नाला बसनार नाय, असं मला सांगतो. तुमच्या नावानं मला धमकी देतो. तुमाला माहीत तरी हाय का, तुमचा रुसवा आता दुसरेच वापरतात ते? बाबा नायत म्हनून आमी सहा वर्षं तुमच्या तोंडाकडं बघून जगतोय. आता बसा नाय तर उठा. मी कोपर धरनार नाय."

पाटावरून अक्षदा मान उंच करून बघत होती, एका गालाला हळद, दुसरा कोरा.

तात्या टॉवेलने तोंड पुसून म्हणाले, "आधी त्याचं नाव पुसा."

"कुणाचं?"

"जित्याचं. पोटच्या पोरानं बापाचं असलं चित्र काढलं, असं छापून येनार नाय. पुतनी एक येळ काढते. तिला काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय."

माधवीच्या अंगाची पुन्हा आग झाली. न्याय म्हणावा तर हा. तोही तिच्यासाठी नाही, तात्यांच्या इज्जतीसाठी, आणि वर एक टोमणा. पण पदरात पडत होतं ते तिने पाडून घेतलं; वर आणखी थोडं मागितलं.

"नुसतं हितलं पुसून काय व्हनार? खातं त्याच्या मोबाईलवर हाय. पासवर्ड बदलला की ओटीपी त्याच्याकडं जानार."

"ते काय असतं?"

"सहा आकडे."

"जित्या," तात्या मान न वळवता म्हणाले, "सहा आकडे दे तिला."

"बाबा, तो करार..."

"आकडे दिल्याबिगर मी उठत नाय. मी उठल्याबिगर हळद लागत नाय. हळद लागल्याबिगर तू जेवत नायस."

माधवीने तिथेच फोन काढला. जितेशच्या कुर्त्यात घंटी वाजली. रश्श्याच्या बोटांनी त्याने स्क्रीन पुसली आणि आकडे वाचले. पहिल्यांदा पुटपुटला.

"मोठ्यानं," तात्या म्हणाले.

सबंध मांडवाने सहा आकडे ऐकले. विकास बांबूंना लावायचा काळा ऑइलपेंट घेऊन शिडीवर चढला आणि 'संकल्पना, चित्र व निर्मिती: जितेश' ही ओळ काळ्या रंगाखाली बुजवून टाकली. मग ब्रश खाली माधवीकडे धरला. पण माधवीचं लक्ष फोनमध्ये होतं. नवा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घेतला. नावाच्या रकान्यातलं 'जितेश' तिने एकेक अक्षर दाबून खोडलं आणि तिथे स्वतःचं घातलं; त्याच्या मोबाईल नंबरच्या जागी नंबरही आपला.

"कोपर कोन धरनार?" तात्यांनी विचारलं. कुणी धरलं नाही तेव्हा सोनाबाई धावली. तिचा हात धरून तात्या उठले, गुडघ्यातून कण्हले, आणि मांडवात जाताना फ्लेक्सकडे बघून म्हणाले, "डावी मिशी बारीक काढलीस."

"फोटोत तशीच हाय," माधवी म्हणाली.

जनाने तुटलेली ओळ पुन्हा सुरुवातीपासून धरली. जितेश फ्लेक्सखाली एकटा उभा होता, कुर्त्यावरचा डाग नखाने खरवडत. बायका आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "माधवी, गुरुवारी सरपंचांचा वाढदिवस हाय. बारा बाय वीस. येशील ना दुकानात?"

माधवीने ओट्यावरचं हळदीचं ताट उचललं.

"तू काढ," ती म्हणाली. "डोक्यात पूर्ण बघ आधी. मग डायरेक्ट उतरव."